एकाच हाताचे दोन दोरे

रिठद, ता. रिसोड
२० मार्च २०२५

विहीणबाई कमलीबाई यायले रिठदच्या रुख्मिणीचा नमस्कार.

तुमी म्हणसान, आजच्या दिवसात पत्र कोण लिहिते. तुमाले फोनवर आयकू येत नाही हे कुंकवाच्या दिवशी तुमीच सांगितलं, अन् मी फोनवर बोलाले लागली की आमची सून शीला पोळी तव्यावर सोडून कान देते. म्हणून कागद. मी तिसरीपर्यंत शाळेत गेली. चौथीत नाव होतं, पण तवा घरी बकऱ्या होत्या, म्हणून अक्षरही बकऱ्यावानी बांधावरून उतरते. समजून घ्या.

रविवारी तुमी सगळे येऊन गेले, माह्या नातीले, निकिताले, कुंकू लावलं, तवापासून मले आभाळ दोन बोटं उरलं आहे. तुमच्या नातवाले, उत्कर्षले, पाहून जीव थंड झाला. मानोऱ्यात स्वतःचं कृषी केंद्र, बोलणं नरम, अन् वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं तरी पोट्ट्यानं नाव ठेवलं नाही. पोळी चमच्यानं खाल्ली हे मात्र मी पहिल्यांदा पाह्यलं. शिकलेले लोक खात असतीन.

आता कामाचं. माह्या मायनं मले लग्नात पायातले चांदीचे तोडे घातले होते. आता पायाले सूज येते, तोडे डब्यात पडून आहेत. ते मोडून उत्कर्षसाठी हातातलं कडं करा लागते असं मी ठरवलं. आखाजीले, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, साखरपुडा, त्या दिवशी सगळ्यायसमोर मी माह्या हातानं त्याले घालीन. रिसोडचे इंद्रभान सोनार आमच्या ओळखीचे. ते म्हणतात, बाईच्या बांगडीचं माप हात दाबून सांगतो, माणसाच्या कड्याचं तसं होत नाही. चांदी जाड. एकदा वळवली की वळवली. मग लहान-मोठं करा गेलं तं सांधा दिसते. तवा एक दोरा घ्या, त्याच्या मनगटाले गुंडाळा, जिथं जुळते तिथं गाठ मारा अन् पाकिटात घालून धाडा. इतकंच.

एक गोष्ट सहज विचारतो. त्या दिवशी मी त्याच्या हाताले पूजेचा लाल नाडा बांधाले गेली तं तुमी मधातच म्हणल्या, डाव्याले बांधा, उजव्यात घड्याळ आहे. भटजी म्हणत होते माणसाले उजवा. घड्याळ काढता आलं असतं न? बाकी काही नाही, सहज आठवलं.

आमच्या म्हशीनं परवा रेडी दिली. पायगुण तुमचाच.

तुमची विहीण
रुख्मिणी

*

मानोरा
२७ मार्च २०२५

रुख्मिणीबाई यायले कमलीबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र भेटलं. तुमचं अक्षर चांगलं आहे, वाचता आलं. माह्या मालकानं, शालिग्रामनं, दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं.

दोरा पाकिटात आहे. गाठ मारली आहे.

पण एक सांगू का, कडं कायले करता? मायचे तोडे मोडू नका. अंगठी करा. आजकालचे पोरं कडं घालत नाहीत, दुकानात औषधाचे डबे उचलताना हाताले लागते. अंगठी डाव्या हातात शोभून दिसते. पाहा तुमी.

निकिता आमाले पसंत आहे. रंगानं, वागणुकीनं. पाया पडताना मले सोडून आमच्यासंग आलेल्या शेजारणीच्या दोनदा पाया पडली, पण लाजली असन. मी मनावर घेतलं नाही.

रेडी झाली हे चांगलं झालं.

कमलीबाई

*

रिठद
२ एप्रिल २०२५

विहीणबाई,

पाडव्याच्या धांदलीतून आज मोकळी झाली अन् लगेच लिहाले बसली. पोट्टी लाजलीच. आमच्याकडं पोरी लाजतात, त्याच्यात मनावर घ्यासारखं काय. तुमी घेतलं नाही हे बरं केलं, अन् घेतलं नाही हे लिहून कळवलं हेही बरं केलं.

दोरा भेटला. पांढरा दोरा, पोत्याच्या शिवणीचा दिसते. पण हा कोणत्या हाताचा? तुमी लिहिलं नाही. कडं उजव्या हातात जाते. माहे मालक जगदेव यायले जाऊन सात वर्ष झाले, त्यायनं सारी उमर वखर-तिफण हाणली. त्यायचं उजवं मनगट डाव्यापेक्षा पुरं अर्धं बोट जाड. उजव्या हातातलं कडं डाव्यात घातलं तं ते गिरगिर फिरे, अन् लेकरं हसत. काम करणाऱ्या माणसाचे दोन हात दोन भावासारखे, एक घरचं पाहते, एक बाहेरचं. मोठा कोणता हे लगेच दिसते.

म्हणून विचारतो, हा दोरा डाव्याचा असन तं उजव्याचाही धाडा. इंद्रभान सोनाराले मी म्हणलं थांबा. ते म्हणे, रुख्मिणीबाई, नवरदेव एकच आहे न? मले हसू आलं. मग घरी येईस्तोवर हसू राह्यलं नाही.

अन् अंगठीचं म्हणाल तं अंगठी भागवत करून राह्यला, म्हणजे माहा पोरगा, निकिताचा बाप. ते त्याचं मानाचं आहे. कडं माहं आहे. तुमाले अंगठी इतकी बरी अन् कडं इतकं जड काहून वाटते, हे मले समजलं नाही. तुमी समजावून सांगसान तं समजीन. मी काही अगदीच अडाणी नाही.

आमच्या गल्लीतल्या हरीओमनं कॉलेजात असताना हातावर एका पोरीचं नाव गोंदून घेतलं. लग्न झालं दुसरीसंग. तो अजून उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा सदरा घालून फिरते. हे कोणाले लागू आहे म्हणून लिहिलं नाही. लिहिता लिहिता आठवलं.

रुख्मिणी

*

मानोरा
८ एप्रिल २०२५

रुख्मिणीबाई,

उजव्या हाताचा दोरा धाडून राह्यली. आता कारागिराले काम करू द्या.

मी साठीच्या पुढची बाई. माह्या तीन पोरींचे लग्न झाले, मापं मागितले, मापं दिले. एका कड्यासाठी दोनदा पत्र कोणी धाडलं नाही. पोराच्या हातावर कोणाचं नाव नाही. असतं तं मी स्वतः त्याची साल काढली असती.

आता तुमी सहज विचारता तं मीही सहज विचारतो. निकितानं चहाचा कप टेबलावर ठेवला तो टेबलाच्या काठाच्या बाहेर ठेवला. उत्कर्षनं झेलला म्हणून सतरंजी वाचली. अन् बाहेर निघताना ती उंबरठ्याले अडखळली. घर तिचं स्वतःचं. मी घरी येऊन मालकाले म्हणलं, पोट्टी इतकी लाजते का? ते म्हणे, जाऊ दे.

जाऊ दिलं मी. तुमीही जाऊ द्या.

कमलीबाई

*

रिठद
१२ एप्रिल २०२५

कमलीबाई,

आज विहीणबाई लिहिलं नाही, ते मुद्दाम.

तुमचे दोन्ही दोरे मी देवघरातल्या खुंटीले लटकवले, गाठीजवळ गाठ. खालचे टोक पाह्यले. उभ्यानं पाह्यले, वाकून पाह्यले, मग शीलाले हाक मारली अन् म्हणलं पाह, तुह्या डोळ्याले काय दिसते. ती म्हणे, आत्याबाई, दोन्ही एकच आहेत. केसाइतकाही फरक नाही. माणसाच्या हातावर दोरा गुंडाळला तं घामानं मळते, कुठं केस अडकते, गाठ इकडं तिकडं होते. दुसरा दोरा कोरा आहे. तो हाताले लागलाच नाही. तुमी पहिल्या मापावरून कापला.

काहून कापला, बाप्पा? हात तं घरातच आहे न तुमच्या?

आता मी जोडत बसली. नाडा डाव्याले. दोरा डाव्याचा. अंगठी डाव्यात शोभते म्हणे. मार्चच्या उन्हात मनगटावर बटण लावलेली बाही, अन् घड्याळ उजव्यात. पोळी चमच्यानं. अन् निकितानं ठेवलेला कप त्यानं झेलला, तो डाव्या हातानं झेलला. मीही तिथंच बसली होती, कमलीबाई. मले वाटलं पोट्टा डावरा आहे. मग आठवलं, जाताना त्यानं गाडीची चाबी उजव्या हातातून डाव्यात घेतली, तेव्हा उजव्या हाताचे बोटं चाबीवरून घसरले. डावऱ्याचं तसं होत नाही.

त्या हाताले काय झालं आहे? कोड आहे का? गोंदण नाही म्हणता, मी मानलं. झटके येतात का? पोलिसाचं काही आहे का? माह्या मनात इतकं येऊन राह्यलं की सकाळी दूध उतू गेलं अन् मी समोर उभी होती.

भागवतले मी अजून सांगितलं नाही. तो तापट आहे, त्याले सांगितलं की तो फोन उचलीन अन् आखाजीचा साखरपुडा तिथंच मोडीन. निकिता माही एकुलती नात आहे. तिले मी अंघोळ घालून मोठी केली, तिच्या मायले, शीलाले, तेव्हा पाठीचं दुखणं होतं. तिच्या जन्माचा सवाल आहे. इंद्रभानले मी सांगितलं, चांदी वितळवू नका. वीस तारखेपर्यंत तुमचं खरं पत्र आलं नाही तं मी भागवतले दोन्ही दोरे दाखवीन.

रुख्मिणी

*

मानोरा
१६ एप्रिल २०२५

रुख्मिणीबाई,

हे पत्र मालकाले वाचून दाखवलं नाही. मी एकटी लिहून राह्यली.

दोन वर्षाखाली, दसऱ्याच्या आधी, आमच्या वावरात सोयाबीन काढाचं मशीन लागलं होतं, हडंबा. उत्कर्ष पेंढ्या टाकत होता. मी सावलीत बसली होती. मले तहान लागली. घागर माह्यापासून दहा पावलावर होती, उठली असती तं काय झालं असतं. मी हाक मारली, उत्कर्ष, पाणी आन रे. त्यानं मान वळवली अन् बाही पट्ट्यात गेली.

हात वाचला. अकोल्याले दोन ऑपरेशन झाले, आत लोखंडाची पट्टी आहे. पण उजवं मनगट वाळल्यासारखं झालं, डाव्यापेक्षा बारीक, अन् तीन बोटं पुरे मिटत नाहीत. तो लिहिते, गाडी चालवते, दुकान चालवते. घास मात्र चारचौघात चमच्यानं खाते. कोड नाही, झटके नाहीत, पोलिसाचं काही नाही.

तुमच्याकडं यायच्या आधी तो म्हणे, आजी, मी पहिल्यांदा हात दाखवतो, मग पोहे खातो. मीच त्याले माही शपथ घातली. याच्या आधी दोन घरचे लोक हात पाहून उठून गेले. दुसरे उठून गेले त्या दिवसापासून त्यानं आरसा पाहून दाढी करणं सोडलं, न्हाव्याकडं जाते. मले ते तिसऱ्यांदा पाहाचं नव्हतं. साखरपुडा झाला की सांगू, असं मी ठरवलं. तो रोज म्हणते, सांग. मी रोज म्हणतो, उद्या.

दुसरा दोरा मी पहिल्यावरून कापला. आखूड दोरा धाडला असता तं तुमी ओळखलं असतं.

तुमाले जे कराचं ते करा. भागवतले सांगा. एवढंच करा, मी पाण्यासाठी हाक मारली हे उत्कर्षसमोर काढू नका. घरात कोणी कधी काढत नाही. मीही नाही.

कमलीबाई

*

रिठद
२३ एप्रिल २०२५

विहीणबाई,

हे पत्र लांब होईन. पाणी पिऊन बसा.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शेंगा फोडत होती. वाचलं अन् लय राग आला. लपवलं याचा. मग उरलेल्या शेंगा फोडल्या, अन् तवा दुसरा राग आला, तो माह्यावर. कारण तुमी विचारलं ते खरं आहे. निकिता लाजत नव्हती. तिले दिसत नव्हतं. तिले मोठ्या नंबरचा चष्मा आहे, आठवीपासून. कुंकवाच्या दिवशी मीच तिचा चष्मा डब्यात घालून तांदळाच्या कोठीत ठेवला अन् म्हणलं, दोन तासाचं काम आहे, अंदाजानं चाल. म्हणून ती शेजारणीच्या पाया पडली, म्हणून कप काठाबाहेर गेला. अन् म्हणूनच, विहीणबाई, समोर बसलेल्या माणसाचा हात तिले दिसला नाही. तुमी लपवलं अर्धं. उरलेलं अर्धं मी लपवलं. मी तुमच्यावर पोलिस धाडाले निघाली होती.

निकिताले दोन्ही गोष्टी सांगितल्या. पोरीनं आयकून घेतलं अन् म्हणे, आजी, त्यानं मले पाह्यलं अन् मी त्याले पाह्यलंच नाही, अन् तुमी दोघी मापं घेऊन राह्यल्या. मग दोन दिवस माह्याशी बोलली नाही. जेवण वाढे, पण ताट ठेवताना आवाज करे. तिसऱ्या दिवशी साडी नेसून, चष्मा लावून समोर उभी राह्यली. म्हणे, चाल मानोऱ्याले. भागवतले सांगितलं, डोळ्याचा डॉक्टर. ते खोटं नव्हतं, तिच्या हिशोबानं.

तुमाले कळवलं नाही, कारण माह्या मनात अजून थोडं होतं. कळवलं असतं तं तुमी त्याले तयार करून बसवलं असतं. तुमचा राग येईन, येऊ द्या.

एसटीतून उतरलो, विचारत विचारत त्याच्या दुकानावर गेलो. दुकानात चार गिऱ्हाईक. तो अर्ध्या बाहीत होता. आमाले पाहून त्यानं हात गल्ल्यामागं नेला. मग काय वाटलं काय माहीत, परत समोर आणला अन् लाकडावर ठेवला, तळहात वरती. निकिता त्या हाताकडं पाहतच राह्यली. तोंड वाकडं केलं नाही, हळहळही केली नाही. गहू घेताना मूठभर हातात घेऊन पाहतात न, तसं पाह्यलं. मग म्हणे, पन्नास किलोचं पोतं कसं उचलता? तो म्हणे, डाव्या खांद्यावर घेतो, उजव्यानं फक्त धरतो. ती म्हणे, पेनानं लिहून दाखवा. त्यानं लिहिलं. अक्षर माह्यापेक्षा चांगलं आहे, हे काही मोठं नाही. मग ती मले म्हणे, आजी, समोर रसवंती आहे, तू रस पी.

म्हणजे मले काढून दिलं. मी गेली. रस प्याली, दुसरा मागवला. तिथून त्यायचं काही आयकू येत नव्हतं, नुसते तोंड हालताना दिसत. बराच वेळ तो बोलत होता, मग बराच वेळ ती. मधात एकदा ती हसली. मग ती रस्ता ओलांडून आली, मले वाटलं आता म्हणन, घरी चाल. ती म्हणे, आजी, दोरा दे.

माप तिनं घेतलं, विहीणबाई. उजव्या मनगटाचं. आपल्या दोघींत कोणाले जमलं नाही ते तिनं रस्त्यावरच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर, चष्मा नाकावर सरकवत घेतलं.

रिसोडले येताना इंद्रभान सोनाराकडं उतरलो. दोरा पाहून ते म्हणे, मनगट इतकं बारीक अन् पंजा भरलेला, तं बंद कडं चालत नाही. पंजावरून जाईन इतकं केलं तं मनगटावर ढिलं होऊन खाली येते अन् बोटाले आपटते. उघड्या तोंडाचं करू, बाजूनं घालता येईन, अन् दोऱ्यापेक्षा एक बोट मोकळं ठेवू. निकिता म्हणे तसंच करा. शनिवारी तयार होते.

भागवतले काल जेवणाच्या वेळी निकितानंच सांगितलं. तो ताटावरून उठला, अंगणात गेला, परत आला अन् म्हणे भाजी थंडी झाली. म्हणजे झालं. आखाजी आहे तशीच आहे.

आता जे तुमी नको म्हणलं होतं ते मी केलं, हे सांगा लागते. उत्कर्ष आमाले स्टँडवर सोडाले आला होता, अन् निकिता तिथल्या पानाच्या दुकानावर गेली होती. मी त्याले विचारलं, बाबू, त्या दिवशी हडंब्यावर तुह्या आजीनं तुले हाक मारली होती का? त्यानं आमची पिशवी खाली ठेवली. मग म्हणे, आजीनं कधी हाक मारली? मशीनच्या आवाजात मले काहीच आयकू आलं नाही. मी ट्रॅक्टरवाल्याकडं पाहत होतो, माहंच लक्ष नव्हतं. आजी तसं समजते का?

मी म्हणलं, विचार तिले.

विहीणबाई, तो खरं बोलला का तुमच्यासाठी बोलला, हे त्याच्या डोळ्यात पाह्यलं असतं तं मले कळलं असतं. मले कळतेच. दोन दोऱ्यात केसाचा फरक नाही हे मले कळलं, हे काय कळलं नसतं? पण त्याच वेळी मानोरा-रिसोड गाडी लागली, अन् मी पिशवी उचलली, अन् गाडीची पाटी वाचत बसली. मोठ्या अक्षराची पाटी, तरी हळूहळू वाचली.

तुमची विहीण
रुख्मिणी